आठवणीची साक्ष

गतवर्षी आमचे एक वडीलधारे स्नेही निवर्तले. वकिलीच्या धंद्यात ज्यांच्या हाताखाली आम्ही धडे गिरवले, आणि पुढे वयाचे अंतर विसरून ज्यांनी आम्हांस मित्र मानले, असे ते गृहस्थ. सारा तालुका त्यांस 'भाई' म्हणे. आम्हीही येथे तेवढेच म्हणू. दिवसकार्य उरकल्यावर देवस्थानच्या सभागृहात शोकसभा भरली. ठराव झाला, भाषणे झाली, आम्हीही बोललो. 'व्युत्पन्न', 'निःस्पृह', 'धर्मपरायण' ही सर्व विशेषणे आम्ही यथास्थित वापरली. घरी परतताना मात्र मन खजील झाले. आमच्या भाषणातले एकही वाक्य असे नव्हते, की जे दुसऱ्या कोणाच्या शोकसभेत तसेच्या तसे चालले नसते.

त्या खजिलपणातून हा लेख निघाला आहे. दिवंगत गुरुजनांविषयी आपण जे लिहितो आणि बोलतो, त्याचा प्रकार आज बहुधा एकच ठरून गेला आहे : आरंभी विधीच्या क्रूरतेचा उल्लेख, मध्ये गुणांची यादी, शेवटी कधीही भरून न निघणारी पोकळी. ह्यात खोटे काही नसते, परंतु ज्याच्याविषयी हे लिहिले तो मनुष्यही त्यात नसतो. सोन्याच्या मखरात मूर्ती बसवायची विसरून जावे, तसा हा प्रकार आहे.

भाईंच्या कचेरीत साक्षीदार तयार करताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. पक्षकार कितीही रंगून बोलू लागला, तरी ते चष्मा कपाळावर चढवून विचारीत, "तुवें पळयलें?" तू स्वतः पाहिलेस काय? ऐकीव पुरावा न्यायालयात ग्राह्य नाही, साक्षीदाराने स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच सांगावे, हे 1872 च्या पुरावा कायद्यातले तत्त्व. तो कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी नवा आला, तरी हे तत्त्व ढळलेले नाही. आमच्या मते वाङ्मयातही मृतांच्या आठवणींना हीच कसोटी लावावी. लेखकाने काय पाहिले, आणि काय केवळ मानले, हे आधी विचारावे.

ही कसोटी मराठीला परकी नाही. किंबहुना आमचे गद्यच तिच्यातून जन्मले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधर उत्तरापंथे निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य ह्यांच्या सभोवती रिद्धपुरास जमले. सर्वांपाशी आठवणी होत्या, ग्रंथ मात्र नव्हता. तेव्हा म्हाइंभटाने ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून मिळविले, नागदेवाचार्यांस विचारून पडताळले, आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे, तो ग्रंथ अशा रीतीने अंतरलेल्या गुरूच्या आठवणींचा ग्रंथ आहे. त्यात चक्रधर कोठे बसले, काय खाल्ले, कोणाला काय म्हणाले, हे लहान लहान प्रसंगांतून येते. एकाच प्रसंगाविषयी दोघांची स्मृती जुळली नाही, तर तो भेदही हस्तलिखितांतून नोंदलेला आढळतो. भक्ताने स्वतःच्या भक्तीवर ठेवलेला हा अंकुश आम्हांस फार मोलाचा वाटतो.

त्याहून मोलाची गोष्ट अशी, की ह्या परंपरेने अडचणीचे असेल ते झाकले नाही. शिष्यांना मिळालेल्या कानपिचक्या शिष्यांनीच सांगितल्या आणि त्या लिहिल्या गेल्या. गोविंदप्रभूंच्या चरित्रात तर लोक त्यांना वेडे म्हणत, हेही नमूद आहे. ज्यांना ईश्वरावतार मानले, त्यांच्याविषयी एवढे लिहिण्याचे धैर्य ज्यांना झाले, त्यांच्या वंशजांनी एका वकिलाचा तापट स्वभाव लिहिण्यास भ्यावे, हे विपरीत होय.

आणि भाषेचे काय? 'स्मृतिस्थळ' हा ग्रंथ नागदेवाचार्यांच्या आठवणींचा. त्यात केशोबासांची कथा येते. हे व्युत्पन्न पंडित संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छीत होते, तेव्हा आचार्यांनी त्यांस आवरले, कारण तसे झाल्यास त्यांच्या पंथातल्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. आमच्या शोकसभेच्या मागच्या रांगेत बसलेल्या वृद्ध स्त्रियांना 'व्युत्पन्न' आणि 'निःस्पृह' ह्या शब्दांतून भाई कितपत दिसले असतील, ह्याचा विचार आम्ही केला नव्हता.

विसाव्या शतकातही ह्या परंपरेचा एक थोर नमुना आढळतो. 1920 साली लोकमान्य टिळक गेल्यानंतर सदाशिव विनायक बापट ह्यांनी त्यांच्या आठवणी व आख्यायिका अनेकांकडून मिळवून तीन खंडांत प्रसिद्ध केल्या. न. चिं. केळकरांचे टिळकचरित्र व्यासंगाने आणि रचनेने श्रेष्ठ खरे. परंतु टिळक घरात, तुरुंगात, प्रवासात कसे वागत हे ज्यास पाहावयाचे असेल, त्यास बापटांच्या खंडांकडेच वळावे लागते. तेथे सांगणारे अनेक असल्याने कोणा एकाच्या स्तुतीचे राज्य चालत नाही.

ह्यावर कोणी विचारील, की शोकाला साक्षीचा पिंजरा कशाला? हृदय भरून आले असता मनुष्याने उलटतपासणीला उभे राहावे काय? ह्या आक्षेपाला नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत उत्तर आहे. 1296 साली आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तो प्रसंग तेथे वर्णिला आहे. शोक त्यात ओसंडून वाहतो. परंतु तो कोणाचा, कोणत्या क्षणी, हे आपल्याला दिसत राहते. ज्ञानदेवांचे गुरू आणि थोरले बंधू निवृत्तिनाथ, ज्यांनी इतरांस धीर द्यावयाचा, तेच तेथे कासावीस होतात. केवळ महिमा गावयाचा असता, तर गुरूचे अश्रू लपविणे सोयीचे होते. ते लपविले नाहीत, म्हणून तो शोक शतकानुशतके वारकऱ्यांना आपला वाटतो. तात्पर्य, नीट पाहिल्याने भावना आटत नाही, उलट तिला उभे राहण्यास जागा मिळते.

आता ही कसोटी स्वतःस लावणे प्राप्त आहे. शोकसभेच्या ठरावात भाईंनी एका देवस्थानच्या मानपानाच्या दाव्यात मिळविलेल्या विजयाचा गौरव आहे. त्या वेळी आम्ही त्यांच्याकडे नुकतेच उमेदवारी करू लागलो होतो, म्हणून पाहिले ते सांगतो. महाजनांच्या दोन घराण्यांत पालखीच्या पहिल्या मानाचा तंटा होता. भाईंनी इरेला पेटून एका घराण्यासाठी मनाई हुकूम मिळविला. दंगा नको म्हणून समितीने त्या जत्रेस पालखीच काढली नाही. रात्री आम्ही दोघे दीपमाळेपाशी उभे होतो. हातात फुलांची पुडी घेतलेल्या एका म्हातारीने, हे कोण आहेत ते न ओळखता, भाईंनाच विचारले, की आज देव बाहेर का येत नाही? भाईंनी उत्तर दिले नाही. आमच्यावर मात्र वाटेत विनाकारण खेकसले.

पुढल्या आठवड्यात ते आम्हांस बरोबर घेऊन प्रतिपक्षाच्या घरी गेले. स्वतःच्या पक्षकाराला विचारून, पण त्याची नाराजी पत्करून गेले. तीन महिन्यांनी तडजोड होऊन मान आळीपाळीने ठरला. पक्षकाराने उरलेली फी दिली नाही, भाईंनीही ती मागितली नाही. दुसऱ्या वर्षी पालखी निघाली तेव्हा ते गर्दीत मागे उभे होते.

ठरावात हुकुमाची नोंद आहे, तडजोडीची नाही. ज्या गोष्टीची त्यांना खंत होती तिचा गौरव झाला, आणि जिने ती खंत फेडली ती कागदावर आली नाही. हे ठाऊक असणारे आम्ही सभेत होतो, तरी विशेषणे उच्चारून खाली बसलो. ती चूक येथे दुरुस्त करीत आहोत. ह्या अंकाच्या वाचकांत भाईंना ओळखणारे पुष्कळ आहेत. त्यांनीही आपापले लिहावे, आमच्याशी न जुळले तरी लिहावे. फक्त लेखणी उचलण्यापूर्वी एकदा त्यांचा तो प्रश्न स्वतःस विचारावा : "तुवें पळयलें?"