असईचे स्मरण : पराक्रम आणि यादवी
धावडा ज्या जालना जिल्ह्यात वसले आहे, त्याच जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. कंपनी सरकारने १९व्या ड्रॅगून घोडदळासह तीन पलटणींना गौरवनिशाणे दिली. घोडदळाच्या हल्ल्यात पडलेला कर्नल मॅक्सवेल इतिहासात नावानिशी राहिला. तोफांजवळच प्राण सोडणारे शिंद्यांचे गोलंदाज मात्र निनावी राहिले. तथापि केवळ त्यांच्या गौरवानेही हे स्मरण पूर्ण होत नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजांना हरविले. त्यातून वसईचा तह आणि तहातून हे युद्ध उद्भवले. म्हणून शासकीय जागेवरील सार्वजनिक स्मारकाने पराक्रमाबरोबर यादवीचीही नोंद करावी. अन्यथा ते केवळ शोभेचे शिल्प ठरेल.