पुतळा आणि थप्पड : आवडत्या लोकप्रिय मराठी चित्रपटांविषयी एका रसिकाची टिपणे

प्रस्तावना

लोकप्रिय चित्रपटाविषयी महाविद्यालयीन नियतकालिकात लिहिण्याची वेळ आली की आपण प्राध्यापक मंडळी सहसा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर त्या चित्रपटाला ‘समाजाचा आरसा’ म्हणून मोकळे होतो, नाही तर ‘गल्लाभरू’ हे विशेषण लावून त्याला दाराबाहेर उभे करतो. दोन्ही वाटांनी जाताना एक गोष्ट मात्र झाकली जाते. ती म्हणजे, तो चित्रपट आपल्याला स्वतःला आवडला होता आणि आपण तो दोनदा, तीनदा पाहिला होता. प्रस्तुत लेखात हे झाकणे टाळले आहे. येथे समीक्षक म्हणून नव्हे तर रसिक म्हणून बोलावयाचे आहे. मात्र रसिकालाही आपल्या आवडीची कारणे द्यावी लागतात. कारणे देऊ लागले की काही आवडी टिकतात, काही डळमळतात.

हे लिखाण कुर्डुवाडीत बसून होत आहे, याचाही लेखाच्या विषयाशी संबंध आहे. येथून पुण्याच्या दिशेने निघालेली गाडी केम मागे टाकून जेऊरला पोहोचते. ते नागराज मंजुळे यांचे गाव. संगीतबारीसाठी ओळखले जाणारे मोडनिंब आमच्याच माढा तालुक्यात आहे. उजनीचे धरणही याच तालुक्यातले, आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी करमाळ्याच्या शिवारापर्यंत पसरलेले. तात्पर्य, मराठी चित्रपटाने ज्यांना वर्षानुवर्षे पडद्यावर नाचविले, रडविले, मारले, ती माणसे आमच्या परिसरात कल्पनेतील पात्रे नाहीत. त्यांची मुले आमच्या हजेरीपटावर असतात.

‘पिंजरा’ : जुनी आवड आणि नवी शंका

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ साली आला. मी तो काही वर्षांनी जत्रेतल्या तंबूत पाहिला. दोरीच्या एका बाजूस बायका, दुसऱ्या बाजूस पुरुष आणि रीळ बदलताना होणारा गलका, असा तो अनुभव. जमिनीवर मांडी घालून पाहिलेल्या त्या चित्रपटातील डॉ. श्रीराम लागू यांचे मास्तर मनात असे बसले, की पुढे शिक्षकी पेशा पत्करण्यामागे त्यांचा काही वाटा नसेलच, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. संध्या यांचे नृत्य, निळू फुले यांचा थंड, तिरका आवाज, राम कदम यांचे संगीत आणि जगदीश खेबुडकर यांची गीते यांविषयी नव्याने काय लिहावे? ते सारे आजही तितकेच प्रभावी वाटते.

शंका आहे ती कथेच्या गाभ्याविषयी. ‘पिंजरा’चे मूळ जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटात आणि त्याहीमागे हाइनरिश मान यांच्या १९०५ मधील कादंबरीत आहे, हे सर्वज्ञात आहे. या दोन चित्रपटांतील साम्ये आपण नेहमी मोजतो. फरक अधिक बोलका आहे. जर्मन चित्रपटातील प्राध्यापक अखेरीस आपल्या जुन्या वर्गात परततो आणि टेबलाला घट्ट धरून प्राण सोडतो. त्याचा पुतळा कोणी उभारत नाही. मराठी चित्रपटात मात्र गाव आहे आणि गावाने उभारलेला मास्तरांचा पुतळा आहे. मास्तर मारले गेले असे समजून लोक त्यांना देवपण देतात, आणि जिवंत मास्तर पुढे स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली पकडले जातात. खरे काय ते त्यांनी सांगितले तर ते वाचतील. ते बोलत नाहीत. गावाचा आदर्श मोडू नये म्हणून फासावर जाणे पत्करतात.

वयाच्या पंचविशीत मला हा शेवट अत्यंत उदात्त वाटला होता. आज, तीन दशके वर्गात उभे राहिल्यावर, तो तसा वाटत नाही. गावाला सत्य पेलणार नाही, हे ठरविण्याचा अधिकार मास्तरांना कोणी दिला? ज्या गावाला त्यांनीच शहाणे केले, त्या गावावर शेवटी त्यांचाच विश्वास नाही. आणि त्या मौनाची किंमत केवळ मास्तरांनी मोजली असेही नाही. पुतळा निष्कलंक राहावयाचा असेल, तर तमाशातील बाईने एका सज्जनाला बिघडविले, एवढीच गोष्ट मागे उरते. तिने मास्तरांवर केलेल्या प्रेमाला गावाच्या आठवणीत जागा मिळत नाही. चित्रपट तिच्या बाजूने सहानुभूती दाखवितो हे खरे, पण ती सहानुभूती प्रेक्षकापुरती आहे. गावापर्यंत ती पोहोचू द्यायची नाही, असेच कथेने ठरविले आहे.

‘सांगत्ये ऐका’ : बोलणारी बाई

या पार्श्वभूमीवर अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुन्हा पाहण्याजोगा आहे. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला, ही त्याची नेहमी सांगितली जाणारी महती. वसंत पवार यांचे संगीत, ग. दि. माडगूळकरांची गीते, जयश्री गडकर यांची पहिली मोठी झेप, हेही सांगितले जाते. माझ्या आवडीचे कारण मात्र शीर्षकातच आहे. सांगणारी बाई आहे आणि ऐकावयाचे आहे गावाने. पाटलाने केलेल्या अन्यायाची कहाणी तमाशातील मुलगी त्याच गावात येऊन, त्याच पाटलाच्या देखत, बोर्डावर उभी राहून सांगते. करमणूक करून घ्यावयास जमलेले लोक पाहता पाहता साक्षीदार होतात.

तमाशाच्या बोर्डाचा असा उपयोग ‘पिंजरा’च्या कथेने केला नाही, याचे मला अलीकडे फार नवल वाटते. तेरा वर्षे आधीच्या, तंत्राने कितीतरी साध्या चित्रपटाला जे सुचले ते नंतरच्या रंगीत, भव्य चित्रपटाला नको होते. ‘सांगत्ये ऐका’त दोष नाहीत असे नव्हे. योगायोग भरमसाट आहेत, खलपुरुष पहिल्याच दृश्यात ओळखू येतो आणि मधला भाग रेंगाळतो. तरीही हंसा वाडकर यांनी पुढे आपल्या आत्मकथनाला याच चित्रपटाचे नाव द्यावे, यात मला औचित्य दिसते. त्या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. म्हणजे एका लोकप्रिय तमाशापटाचे शीर्षक एका अभिनेत्रीच्या खऱ्या आयुष्याच्या सांगण्याला उपयोगी पडले.

थोडे विषयांतर

आवडत्या चित्रपटांची गोष्ट निघाली आणि ‘अशी ही बनवाबनवी’चा (१९८८) उल्लेख झाला नाही, तर विद्यार्थी मला माफ करणार नाहीत. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून बेतलेला हा चित्रपट मूळ हिंदीपेक्षा कितीतरी पटींनी लोकांचा झाला. पुण्यात खोली मिळत नाही, या एका दुःखावर तो उभा आहे आणि शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या सोलापूर जिल्ह्यातील कोणालाही ते दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची वेळेची जाण हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या आवडीची याहून खोल कारणे मी शोधली नाहीत आणि शोधणारही नाही.

‘माहेरची साडी’ची (१९९१) गोष्ट वेगळी. राजस्थानी चित्रपटावरून घेतलेल्या या कथेची आपण स्टाफरूममध्ये यथेच्छ टिंगल केली. बायका गाडीबैलांनी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तो पाहावयास गेल्या आणि पदर ओले करून परतल्या. मला तो चित्रपट आवडत नाही. परंतु ज्या बायकांना घरात मोकळेपणाने रडण्याची सोय नव्हती, त्यांना तीन तास अंधार मिळाला, एवढे तरी टिंगल करताना आपल्या लक्षात यावयास हवे होते.

‘सैराट’ : आनंदाचा हिशेब

२९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला, तेव्हा आमच्या भागात सण असल्यासारखे वातावरण होते. अकलूजची रिंकू राजगुरू, जेऊरचे दिग्दर्शक, करमाळा तालुक्यातील शिवार. पडद्यावर आपली बोली ऐकू येणे आणि तीही विनोदी नोकराच्या तोंडी नव्हे तर नायिकेच्या तोंडी, हा अनुभव आमच्यासाठी नवा होता. बुलेट आणि ट्रॅक्टर चालविणारी, मराठीत समजत नसेल तर इंग्रजीत सांगू का असे धमकावणारी आर्ची वर्गातील मुलींनी दुसऱ्याच दिवशी आत्मसात केली.

चित्रपटाचा पूर्वार्ध लांबला आहे, संथ गतीची दृश्ये गरजेपेक्षा जास्त आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. आर्चीचा भाऊ आणि वडील यांच्या मनात आपण कधीच शिरत नाही, हाही. पण ‘उत्तरार्ध कंटाळवाणा आहे, गाणी संपली आणि चित्रपट संपला’ या नेहमीच्या तक्रारीशी मी सहमत नाही. हैदराबादच्या झोपडपट्टीतील तो भाग मुद्दाम कोरडा ठेवला आहे. पळून जाण्याच्या गाण्यावर आपण नाचलो. पळून गेल्यावर भांडी, भाडे, संशय आणि भूक यांचे काय होते, हे पाहण्याची वेळ आली की आपल्याला घड्याळ आठवते. अजय-अतुल यांच्या संगीतावर शिट्ट्या वाजविणाऱ्या त्याच प्रेक्षकाला अखेरीस दिग्दर्शक संपूर्ण निःशब्दतेत बसवितो. रक्ताने माखलेली चिमुकली पावले उंबऱ्याबाहेर उमटत जातात आणि आवाज नावाची गोष्ट उरत नाही. घेतलेल्या आनंदाचा असा हिशेब दुसऱ्या कोणत्या लोकप्रिय मराठी चित्रपटाने मागितला, हे मला आठवत नाही.

मंजुळे यांचाच ‘फँड्री’ (२०१३) कलाकृती म्हणून अधिक घट्ट आहे, असे माझे मत आहे. मेलेले डुक्कर वाहून नेताना मागे भिंतीवर दिसणारी महापुरुषांची चित्रे आणि शेवटी थेट प्रेक्षकाच्या दिशेने येणारा जब्याचा दगड, ही दोन दृश्ये पुरेशी आहेत. पण ‘आवडता’ हा शब्द मी त्याला लावू शकत नाही. तो मी दुसऱ्यांदा पाहिला, तिसऱ्यांदा धीर झाला नाही. दगड मारणारा मुलगा आपल्याला शत्रूच्या जागी बसवितो. ‘सैराट’ आधी आपल्याला वऱ्हाडी म्हणून बोलावतो. अधिक अवघड काम कोणते, याविषयी माझे मत अजून पक्के नाही.

वर्गातील दृश्य

आता ज्या दृश्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतो. ‘सैराट’मध्ये नवा आलेला प्राध्यापक वर्गात शिकवीत असतो. मोबाईलवर बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याला तो हटकतो आणि विद्यार्थी त्याच्या थोबाडीत मारतो. हा विद्यार्थी गावातील सत्ताधारी घराण्याचा, आर्चीचा भाऊ. पुढे काही घडत नाही. म्हणजे जे घडावयास हवे ते घडत नाही. थप्पड त्या घरात कौतुकाची बाब ठरते आणि प्राध्यापकाने परिस्थिती समजून घ्यावी, असे सर्वांना वाटते.

१९७२ च्या मास्तरांचा पुतळा आणि २०१६ च्या प्राध्यापकाची थप्पड शेजारी ठेवून पाहावीत. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत शिक्षकाचा मान गेला, असा सोपा निष्कर्ष काढून आपण हळहळू शकतो. आपल्या सभांमधून तो सूर नेहमीच लागतो. मला तो पुरेसा वाटत नाही. पुतळ्याच्या वेळीही शिक्षक गप्पच होता. फरक इतकाच की तेव्हाचे मौन त्याने निवडले आणि त्याला त्यागाचे नाव मिळाले. आताचे मौन त्याच्यावर लादले गेले आणि त्याला नाव मिळाले नाही. दोन्ही वेळा गावासमोर सत्य बोलणारा तो नव्हता. ‘सांगत्ये ऐका’त ते काम तमाशातील मुलीने केले, ‘फँड्री’त दगडाने, आणि ‘सैराट’मध्ये ते कोणीच करीत नाही, म्हणून शेवटी तान्ह्या मुलाला चालत बाहेर यावे लागते.

वर्गातील थप्पड आणि अखेरची हत्या यांचे नाते दिग्दर्शकाने कोठेही बोलून दाखविलेले नाही. पण चित्रपट पुन्हा पाहताना ते स्पष्ट होते. ज्या हाताला वर्गात कोणी अडविले नाही, तोच हात शेवटी हैदराबादच्या घरापर्यंत पोहोचतो. प्राध्यापकाने तक्रार केली असती तर दोन जीव वाचले असते, असे भाबडे विधान मी करणार नाही. तरीही त्या वर्गात बाकीचे शिक्षक कोठे होते, हा प्रश्न मी टाळू शकत नाही, कारण चित्रपटगृहात ते दृश्य आले तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकला होता आणि त्या हशात मीही सामील होतो.

मागील एका सत्रात बी. ए. च्या विद्यार्थ्यांशी या चित्रपटावर चर्चा केली. आर्ची, परश्या, लंगड्या, सल्या, प्रिन्स ही नावे सर्वांना मुखोद्गत होती. कोण कोणत्या गाण्यात कोणत्या रंगाचा शर्ट घालतो, हेही सांगता येत होते. थप्पड खाणाऱ्या प्राध्यापकाचे आडनाव काय, असे मी विचारले. वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरील एका मुलीने उलट विचारले, “सर, तुम्हाला आठवतंय का?” मलाही आठवले नाही.