संहिता आणि किल्ली : संगणकीय मराठीच्या जतनाचा प्रश्न

एखादा मजकूर आंतरजालावर आला की तो उपलब्ध झाला, आणि उपलब्ध झाला म्हणजे सुरक्षित झाला, असे मराठी वाङ्मयव्यवहारात आज सर्रास गृहीत धरले जाते. यातील पहिले विधान खरे आहे; दुसरे तपासून पाहणे अगत्याचे आहे. संगणकीय मजकुराचे जतन हा मूलतः पाठचिकित्सेचा प्रश्न असून तो केवळ तंत्रज्ञांवर सोपवून समीक्षेला मोकळे होता येणार नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रश्नाला मराठीच्या इतिहासात एक पूर्वसूत्र सापडते. महानुभाव पंथाने म्हाइंभटकृत 'लीळाचरित्रा'सह आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या मठांत शाबूत होत्या. तरीही पंथाबाहेरच्या वाचकाच्या दृष्टीने त्या कित्येक शतके नसल्यासारख्याच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली अभ्यासकांपुढे मांडली आणि मराठी गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. पोथी टिकणे आणि संहिता वाचनीय राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. दोहोंना जोडणारी किल्ली महंतपरंपरेने सांभाळली होती, म्हणूनच ती पुढे हाती लागली.

संगणकावरील मराठीच्या पहिल्या पर्वाला अशी परंपरा लाभली नाही. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींत देवनागरी अक्षरांचे अवयव रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत, आणि ही मांडणी फाँटागणिक निराळी असे. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक निश्चित झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. तरी मुद्रणालये, नियतकालिके आणि संकेतस्थळे यांचे बरेचसे काम पुढेही दीर्घकाळ खाजगी मांडणीच्या फाँटांतच चालू राहिले. तो विशिष्ट फाँट हाती नसेल तर अशी फाइल उघडते खरी, पण डोळ्यांसमोर येते ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग. या फाँटांना महंत नव्हते.

रूपांतराची साधने आता उपलब्ध आहेत, मात्र रूपांतर हेही एक प्रकारचे लिप्यंतर असून प्रत्येक लिप्यंतरात लेखनिकाचे दोष शिरतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद केवळ रफार आणि अर्धचंद्राकृती र यांचा आहे. ही दोन चिन्हे रूपांतरात एक झाली तर डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो. युनिकोडमध्येही हा अर्धचंद्राकृती र दोन प्रकारे नोंदविता येतो : नुक्तायुक्त ऱ घेऊन, किंवा साध्या र्-नंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती भिन्न वाटतात. परिणामी एका रूपाने शोध घेतल्यास दुसरे निसटू शकते. शब्दांची वारंवारता मोजून शैलीविषयक निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने हा पाठभेद दृष्टिआड करून चालणार नाही.

महाराष्ट्राबाहेरून पाहिले असता या प्रश्नाची तीव्रता अधिक जाणवते. जबलपूर जिल्ह्यातील कुंडम ही गोंडबहुल तहसील १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होती, आणि १९५० च्या राजभाषा कायद्याने त्या राज्याने हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषा मानले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. आज कुंडमसारख्या ठिकाणच्या मराठी वाचकाला पुण्या-मुंबईतील ग्रंथालयाचा आधार सहज मिळणारा नाही. त्याचे ग्रंथालय म्हणजे पडद्यावरील मराठी. एखादे संकेतस्थळ बंद पडले तर पुण्यातील वाचकाचा एक पर्याय कमी होतो, या वाचकाचे कदाचित सारे दालनच बंद होते.

कायदा येथे अपुरा पडतो. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना प्रती द्यावयाच्या असतात. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्यात आली. संकेतस्थळे या व्यवस्थेबाहेर आहेत. युनेस्कोने संगणकीय वारशाच्या जतनाची सनद २००३ मध्ये स्वीकारली आणि ब्रिटनने २०१३ मध्ये ग्रंथप्रदानाच्या कक्षेत संकेतस्थळे आणली. याहूची जिओसिटीज ही सेवा २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद झाली, तेव्हा तिच्यावरील पृष्ठांचा काही भाग वाचला तो मुख्यतः स्वयंसेवकांच्या आणि इंटरनेट अर्काइव्हच्या प्रयत्नांनी. अशा संग्रहात जुन्या फाँटातील मराठी पृष्ठ असेल आणि त्याचा फाँट नसेल, तर पोथी मिळाली पण किल्ली हरवली, अशीच अवस्था होते.

याउलट मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहावा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या कोशप्रकल्पामुळे आज शब्दशः शोधता येते, कारण तेथे पृष्ठांच्या छायाप्रतींवर न थांबता मजकूर अक्षरबद्ध केला गेला आणि एका संस्थेने त्याचे दायित्व पत्करले.

तात्पर्य, संगणकीय संहितेचे जतन करताना तीन गोष्टी एकत्र ठेवल्या पाहिजेत : मूळ फाइल, तिच्या दृश्यरूपाची प्रतिमा आणि अक्षरमांडणीचा तक्ता, अर्थात किल्ली. रूपांतरित पाठ चौथा. त्यावर रूपांतराचे साधन आणि दिनांक यांची नोंद हवी. ज्या समीक्षेचे आधार पुन्हा वाचता येत नाहीत, तिच्याशी मतभेदही नोंदविता येत नाही, आणि मतभेदाची शक्यता नष्ट झाली की समीक्षा निव्वळ अभिप्राय होऊन बसते. विद्यापीठीय मराठी विभागांनी हे काम संपादनशास्त्राचा भाग म्हणून हाती घ्यावे. ते फाँट वापरणारे अक्षरजुळारी आणि संपादक आज हयात आहेत, तोवरच या किल्ल्या मागून घेता येतील.