कानाने वाचायचा पडदा

लिनक्स संगणकावर चित्रे आणि माऊस यांच्यावाचून, निव्वळ अक्षरांवर चालणारा एक पडदा असतो. त्याची जुनी मांडणी 80 अक्षरांच्या 25 ओळींची. त्यावर उमटलेला मजकूर ‘स्पीकअप’सारखी आज्ञावली कृत्रिम आवाजात बोलून दाखवते आणि दृष्टिहीन व्यक्ती तो ऐकत काम करते. अशा एकाच पडद्यावर अनेक कामे चालू ठेवायची, तर ‘स्क्रीन’ (1987) किंवा ‘टीमक्स’ (2007) यांची मदत घेतात. यांना टर्मिनल मल्टिप्लेक्सर म्हणतात. ही साधने कानाला कितपत मानवतात, ते आपण तपासून पाहू.

आधी गुण. दूरच्या संगणकाशी असलेला संपर्क तुटला, तरी तिथले काम चालूच राहते. पुन्हा जोडले की सारे जिथल्या तिथे सापडते. डोळस माणसाला आपण कुठे होतो हे एका नजरेत कळते. कानाने काम करणाऱ्याला मात्र तो संदर्भ ओळीओळीने जुळवावा लागतो. म्हणून या सोयीचे मोल त्याला अधिक. शिवाय मागे सरकलेला मजकूर परत पाहण्याची लिनक्सच्या पडद्याची स्वतःची सोय 2020 मध्ये काढून टाकण्यात आली. टीमक्स मात्र मुळातच प्रत्येक खिडकीच्या 2000 ओळी जपून ठेवते आणि त्यांत शोधही घेता येतो.

आता दोष. या साधनांची मिरवली जाणारी करामत म्हणजे पडद्याचे उभे भाग पाडणे. फळ्यावर डावीकडे गणित आणि उजवीकडे कविता लिहिली आणि कोणी ती सरळ आडवी वाचत गेले, तर काय होईल? तसेच येथे होते. दोन भागांमधली उभी रेघ डोळ्याला दिसते. ओळ वाचणारा आवाज ती ओलांडून पुढे जातो. तळाची माहितीपट्टीही दर 15 सेकंदांनी ताजी होते, त्यामुळे वाक्याच्या मध्येच घड्याळ बोलू लागण्याचा धोका असतो. पट्टी बंद करावी, भाग पाडू नयेत, एका वेळी एकच खिडकी ठेवावी, की साधन उत्तम चालते. म्हणजे डोळ्यासाठी घातलेले दागिने उतरवले, तरच ते कानाच्या कामाचे ठरते.

पुणे विद्यापीठ आणि मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले टी. व्ही. रामन यांनी 1995 मध्ये ‘ईमॅकस्पीक’ आणले. स्वतः दृष्टिहीन असलेल्या रामन यांची वाट वेगळी आहे. तेथे आवाज पडदा वाचत नाही, मजकुराचा अर्थ सांगतो. तक्त्यातल्या आकड्याबरोबर त्याचे शीर्षकही ऐकवता येते. अर्थात त्यासाठी ‘ईमॅक्स’मध्येच राहून काम करावे लागते, ही त्याची मर्यादा.

आमच्या मते टीमक्स जरूर शिकवावे, पण वरील काटछाट करूनच. आणि शिक्षकांनी आपला फळाही याच कसोटीला लावावा. ‘हे इकडून तिकडे नेले’ असे म्हणताना वर्गातल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या पदरी काहीच पडत नाही. ‘समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून 5 वजा केले’ असे म्हटले, तर तोही गणित सोडवू लागतो.