सैनिकांना थांबवते कोण?

‘पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक’ हे वाक्य आपण वर्गात सहज बोलून जातो. मुलांना ते चटकन कळते. पण या उपमेत एक मोठी उणीव आहे. लढाई संपल्यावर सैनिकांना आवरायचे कोणी, हा प्रश्नच तिच्यातून निघत नाही.

तो प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे उंदरांनी दाखवून दिले. टी पेशी उत्तेजित झाली की तिच्या पृष्ठभागावर सीटीएलए-४ हे प्रथिन येते. त्याचे जनुक १९८७ साली फ्रान्समध्ये सापडले. प्रथिनाची रचना सीडी२८ सारखी, आणि सीडी२८ तर टी पेशीला चेतवते. मग हेही चेतवणारेच असावे, असा तर्क काहींनी केला. इतरांच्या प्रयोगांतून नेमके उलटे दिसत होते.

निकाल लागला १९९५ मध्ये. दोन गटांनी हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. प्रथिन चेतवणारे असते, तर या उंदरांच्या टी पेशी मंद पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या बेसुमार वाढल्या, हृदय आणि स्वादुपिंडात घुसल्या, आणि पिल्ले तीन-चार आठवड्यांत दगावली. म्हणजे सीटीएलए-४ हा ब्रेक होता. बी७ हे प्रथिन दोघांचेही जोडीदार. सीटीएलए-४ त्याला अधिक घट्ट धरते, त्यामुळे सीडी२८ च्या वाट्याला ते कमी येते.

हा ब्रेक सैल केला तर? १९९६ मध्ये जेम्स ॲलिसन यांच्या गटाने प्रतिपिंडे वापरून तसे केले, आणि उंदरांतील काही गाठी नाहीशा झाल्या. २०११ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका कर्करोगावर असे औषध मंजूर झाले. २०१८ च्या नोबेल पारितोषिकाचे ॲलिसन एक मानकरी होते. मात्र या औषधाने काही रुग्णांच्या आतड्याला सूज येते. ब्रेक सैल केल्याची ती किंमत.

उंदराचा निष्कर्षही डोळे मिटून माणसाला लावता येत नाही. जनुकाची एकच प्रत बिघडलेले उंदीर निरोगी राहतात. तशाच काही माणसांना मात्र गंभीर आजार होतो, हे २०१४ मध्ये दिसून आले.

तेव्हा सैनिकांची उपमा टाकून देऊ नका, अपुरी आहे एवढे सांगा. आणि मुलांना विचारा: प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, हे खरे का?