आणीबाणीच्या उपचारातील दृश्यसाधने व संघकार्य : ‘व्हॉर्टेक्स’ आकृतीची चिकित्सा

प्रस्तावना

आणीबाणीच्या प्रसंगी रुग्णावर उपचार करणाऱ्या संघात डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ व सहायक असे भिन्न अधिकाराचे लोक असतात. या संघाच्या साहाय्यासाठी तक्ते, प्रवाहचित्रे व आकृत्या तयार केल्या जातात आणि त्यांचे मूल्यमापन बहुधा त्यांतील माहितीच्या अचूकतेवरून होते. प्रस्तुत लेखात वेगळी कसोटी लावली आहे : संघातील सर्वांत कनिष्ठ सदस्याला योग्य क्षणी बोलण्याचे बळ ते साधन देते काय?

पार्श्वभूमी

२९ मार्च २००५ रोजी इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली यांना सायनसच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यात आली. श्वासमार्ग मोकळा राखता येईना. अनुभवी डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा करीत राहिले. रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २० मिनिटे ४० टक्क्यांच्या खाली होते. एका परिचारिकेने ट्रॅकिऑस्टॉमीचे साहित्य आणून तसे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली व डॉक्टरांचा प्रतिसाद पाहून ती रद्द केली. काही दिवसांनी एलेन यांचे निधन झाले.

ब्रिटनमधील ‘डिफिकल्ट एअरवे सोसायटी’ची प्रवाहचित्रे २००४ मध्येच प्रसिद्ध झाली होती, हे येथे लक्षणीय आहे. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. शस्त्रक्रियागृहात ज्याला कळले होते त्याच्यापाशी अधिकार नव्हता आणि ज्याच्यापाशी अधिकार होता त्याचे भान एकाच कृतीत अडकले होते. पतीने, वैमानिक मार्टिन ब्रोमिली यांनी, पुढे हाच मुद्दा वैद्यकीय जगापुढे मांडला.

आकृतीचे स्वरूप व सामर्थ्य

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे निकोलस क्राइम्स व पीटर फ्रिट्झ यांनी रचलेली ‘व्हॉर्टेक्स’ ही आकृती म्हणजे वरून पाहिलेले नरसाळेच होय. फेसमास्क, स्वरयंत्राच्या वर बसणारे साधन आणि श्वासनलिकेतील नळी हे तीन मार्ग तीत दाखविले आहेत. यांपैकी कोणत्याही मार्गाने ऑक्सिजन पोहोचला की संघ बाहेरच्या हिरव्या कडेवर, म्हणजे सुरक्षित भूमीवर येतो. तिन्ही मार्गांचे सर्वोत्तम प्रयत्न फसले की नरसाळ्याचा तळ येतो. तेथे मानेच्या पुढील बाजूने श्वासमार्ग उघडणे अनिवार्य ठरते.

प्रवाहचित्र हे वाचावे लागते. त्याला क्रम असतो व बाणांचा माग काढावा लागतो. शांत वेळी अभ्यासासाठी ते उत्तम, परंतु घाबरलेल्या मनाला ते जड जाते. व्हॉर्टेक्स मात्र पाहताक्षणी कळते. विशेष म्हणजे फसलेले मार्ग मोजण्यासाठी नळी घालण्याचे कौशल्य अंगी असावे लागत नाही. “तिन्ही झाले” हे परिचारिकाही म्हणू शकते. तिचे बोलणे वरिष्ठांवरील टीका न राहता सर्वांना मान्य असलेल्या आकृतीचे वाचन ठरते. या आकृतीचे खरे सामर्थ्य येथे आहे.

मर्यादा

तथापि, आकृती थांबा म्हणते. छेद कसा घ्यावा हे शिकवीत नाही. तसेच पूर्वतयारीविना ती भिंतीवरील शोभेची वस्तू ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणीसूचीचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. नवी दिल्लीसह ८ शहरांतील रुग्णालयांच्या २००९ च्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. मात्र कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या २०१४ च्या अभ्यासात लक्षणीय घट आढळली नाही. कागद तोच असूनही परिणाम वेगळा दिसला. सूची भरली जाणे आणि संघ परस्परांशी बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा याचा एक अर्थ लावता येतो.

भारतातही ‘ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशन’ने २०१६ मध्ये मार्गदर्शक प्रवाहचित्रे प्रसिद्ध केली. ती इंग्रजीत आहेत. ज्या शस्त्रक्रियागृहात परस्परांतील बोलणे मराठीत चालते, तेथे इशाऱ्याचे शब्दही मराठीत ठरलेले असणे इष्ट होय.

निष्कर्ष

१. दृश्यसाधनाचे मूल्य त्यातील माहितीइतकेच त्याने दिलेल्या बोलण्याच्या अधिकारावरून ठरवावे.
२. या कसोटीवर व्हॉर्टेक्स प्रवाहचित्रापेक्षा सरस ठरते.
३. इशारा कोणी व कोणत्या शब्दांत द्यावा हे आधी ठरवून संपूर्ण संघाने एकत्र सराव केला, तरच हा अधिकार प्रत्यक्षात येतो. ज्येष्ठांनी तो इशारा ऐकण्याचाही सराव करणे तितकेच अगत्याचे आहे.