परभाषा आणि प्रसंगभान : 'ख्रिस्तपुराण'कर्त्याच्या मराठीचा पुनर्विचार

प्रास्ताविक

परभाषा शिकलेल्या व्यक्तीला 'ही अगदी इथलीच वाटते' अशी पावती मिळाली की तिचे शिक्षण पूर्ण झाले, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. भाषाशिक्षणाच्या शास्त्रानेही दीर्घकाळ हीच पावती अंतिम मापदंड म्हणून वापरली. मातृभाषक हा आदर्श आणि त्याच्या जवळ जाणे ही प्रगती, असे हे गणित होते. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक स्तरांच्या चौकटीतील काही वर्णनांत मातृभाषकाचा उल्लेख होता. २०२० च्या पूरक खंडातून तो वगळण्यात आला. मापदंड बदलला खरा. परंतु मातृभाषकाप्रमाणे भाषा येणे म्हणजे नेमके काय येणे, हा प्रश्न त्यामुळे सुटला असे म्हणता येत नाही.

मराठीच्या बाबतीत या प्रश्नाचे सर्वात ठळक उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे आहे. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९ मध्ये जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये गोव्यातच मरण पावला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी वाङ्मयेतिहासांनी त्याची दखल घेतली, ती मुख्यतः कौतुकाच्या सुरात. एका इंग्रजाने इतकी रसाळ मराठी लिहावी याचे नवल आणि मराठीच्या स्तुतीच्या चार-पाच ओव्या, यापलीकडे ही दखल सहसा जात नाही. पुराणाच्या एकूण १०,९६२ ओव्यांपैकी उरलेल्या ओव्या फारशा वाचल्या जात नाहीत, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. नवल वाटले की शोध थांबतो. स्टीफन्सला मराठी 'कशी' आली आणि त्याला जे आले ते नेमके काय होते, हे प्रश्न त्यामुळे मागे पडले.

वय, कान आणि लिपी

प्रौढ वयात परभाषेचे शिक्षण सुरू करणाऱ्याला मातृभाषकाची पातळी गाठता येत नाही, हे मत १९६७ मध्ये एरिक लेनेबर्ग यांनी मांडलेल्या कळीच्या कालखंडाच्या गृहीतकाशी जोडलेले आहे. स्वीडनमध्ये अब्राहमसन आणि हिल्टेनस्टाम यांनी स्पॅनिश मातृभाषा असलेल्या १९५ स्वीडिश द्विभाषकांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी सुरुवात केलेल्यांपैकी अगदी थोडेच ऐकणाऱ्यांना मूळ स्वीडिश वाटले आणि बारकाईने तपासल्यावर त्यांच्यापैकी एकही सर्व कसोट्यांना उतरला नाही. स्टीफन्स गोव्यात आला तेव्हा तिशीचा होता. आजच्या प्रयोगशाळेत त्याला बसवले असते तर तोही बहुधा कुठे ना कुठे अडखळला असता.

त्याचा कान मात्र तयार होता, याचा पुरावा छपाईतच आहे. देवनागरीचे खिळे हाताशी नसताना त्याला मराठीचे ध्वनी रोमन अक्षरांत बसवायचे होते. त्यासाठी मूर्धन्य व्यंजनांकरिता अक्षर दोनदा छापण्याची पद्धत वापरली गेली. 'पुराण' या शब्दातील णकार 'एन' हे अक्षर जोडीने घालून दाखवला जातो. नकार आणि णकार यांतील भेद युरोपीय कानाला सहज कळत नाही. तो केवळ कळणे पुरेसे नव्हते. छापखान्यातील जुळाऱ्याला पाळता येईल असा नियम त्यातून करायचा होता. आज रोमन अक्षरांत मराठी टंकणारे विद्यार्थी हा भेद सर्रास सोडून देतात, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

दोन भाषा, दोन कामे

तथापि उच्चार हा स्टीफन्सच्या प्रभुत्वाचा गाभा नव्हे. त्याच्या नावावरील तीन ग्रंथ एकत्र ठेवून पाहिले की वेगळेच चित्र दिसते. 'ख्रिस्तपुराण' मराठीत आहे. १६२२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापलेली ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी कोकणीत आहे. १६४० मध्ये निघालेले 'आर्त द लिंग्व कानारीं' हे व्याकरणही कोकणीचेच आहे. भारतीय भाषेचे छापील स्वरूपातील ते पहिले व्याकरण मानले जाते. म्हणजे सासष्टीच्या ज्या लोकांमध्ये तो वावरत होता, त्यांच्याशी बोलण्याची आणि मुलांना पाठ देण्याची भाषा त्याने एक निवडली आणि पुराण ऐकवण्याची दुसरी.

ही निवड वरवरची नाही. घरात आणि बाजारात कोकणी बोलणारा तत्कालीन गोमंतकीय समाज कथा-पुराण मराठीत ऐकत होता. त्या समाजात जन्मलेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नसे. बाहेरून आलेल्याला मात्र हे व्याकरणातून कळत नाही. कोण, कुठे, कोणासमोर, कशा भाषेत बोलतो हे वर्षानुवर्षे पाहिल्यावरच कळते. या जाणिवेला 'प्रसंगभान' म्हणता येईल. स्टीफन्स मातृभाषकाच्या सर्वात जवळ पोहोचला तो या ठिकाणी. आगमन आणि पुराणाची छपाई यांत ३७ वर्षांचे अंतर आहे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

'ख्रिस्तपुराणा'ची रचना या भानाची साक्ष देते. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ 'अवस्वरु' आहेत. बायबलातील कथा जशीच्या तशी भाषांतरित न करता वक्ता, श्रोते, शंका आणि निरसन या पुराणाच्या परिचित सांगाड्यात ती मांडली आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांची अडचण ग्रंथारंभीच पुढे येते : जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी मन रमवायला काय? स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द येतो. गद्य प्रस्तावनेत लेखक आपल्या भाषेविषयी स्वतःच खुलासा करतो. ग्रंथ मराठीत आहे. परंतु प्राचीन कवींचे कठीण शब्द टाळून, अधिक लोकांना कळावे म्हणून, ब्राह्मण-भाषेतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द त्यात मिसळले आहेत. पांडित्य दाखवण्याची संधी समोर असताना ती नाकारणे हे भाषेवरील अधिकाराचेच लक्षण होय. परभाषा नुकतीच शिकलेला लेखक प्रायः याच्या उलट वागतो; त्याला येणारा प्रत्येक अवघड शब्द तो वापरून टाकतो.

असे असले तरी 'मातृभाषकासारखी' हे विशेषण सरसकट लावता येत नाही. धर्मतत्त्वाच्या नाजूक जागी स्टीफन्सच्या छापील परंपरेत पोर्तुगीज-लॅटिन संज्ञा कायम आहेत. याउलट, १९२५ च्या सुमारास जस्टिन अॅबट यांनी प्रकाशात आणलेल्या, लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात अशा अनेक ठिकाणी संस्कृत शब्द आढळतात. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. मूळ पाठ कोणता, यावर लेखकाच्या भाषिक प्रभुत्वाचे मूल्यमापनही अवलंबून राहते; अभ्यासकांनी याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. पोर्तुगीज संज्ञा त्याच्याच असतील तर ती असमर्थता नसून निर्णय असावा. 'वैकुंठ' चालवून घेणारा लेखक संस्कारांची नावे मात्र बदलू देत नाही, म्हणजे कोठे श्रोत्यांचे व्हायचे आणि कोठे नाही, हे त्याने ठरवलेले आहे.

शिकण्याची किंमत

स्टीफन्सकडे एकाकी प्रतिभावंत म्हणून पाहणेही योग्य नाही. १६२९ मध्ये एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरवर मराठी ओवीबद्ध पुराण प्रसिद्ध केले. १६५५ मध्ये आंतोनियु द साल्दाञ यांचे सेंट अँथनीविषयीचे पुराण निघाले. एकाच पंथातील एकाहून अधिक परदेशस्थ एकाच प्रदेशात या पातळीला पोहोचतात, तेव्हा त्यामागे व्यवस्था असते. स्थानिक भाषा येणे ही तेथे धर्मगुरूच्या कामाची गरज होती. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात त्या काळात रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या कोकणी-मराठी रामायण-महाभारत कथांची हस्तलिखिते आहेत. ज्या कथांच्या जागी नवे पुराण ठेवायचे, त्या कथा आधी वाचाव्या लागल्या.

या वाचनामागची परिस्थिती झाकून ठेवता येत नाही. सासष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे रुदोल्फो आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी बोलावून ठार केले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला स्टीफन्सने आपल्या भावाला पत्र लिहिले. येथील भाषांचा उच्चार अप्रिय नाही आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनला जवळची आहे, असे त्यात तो सांगतो. एका वर्षाच्या आतील या दोन घटना शेजारी ठेवल्या की परभाषेवरील प्रेम आणि सत्ता यांचा संबंध किती गुंतागुंतीचा असतो ते दिसते. स्टीफन्सचे भाषाप्रेम खोटे ठरत नाही. पण ते निष्पापही राहत नाही.

विसाव्या शतकातील एक उदाहरण याच्या तुलनेत पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला आपले कार्यक्षेत्र केले, भारतीय नागरिकत्व घेतले आणि फलटणच्या बोलीतील भेदांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. जाई निंबकर यांच्यासमवेत त्यांनी मराठी शिकणाऱ्या परदेशीयांसाठी व्याकरण, कोश आणि पाठ्यक्रम तयार केले. पुढे प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून त्यांनी मराठी मुलांना वाचायला शिकवण्याचे काम उभे केले. येथेही व्याकरणाच्या पुढची पायरी प्रसंगभानाचीच आहे : एकाच गावात जातीनुसार, शिक्षणानुसार मराठी कशी बदलते हे ज्याला ऐकू येते, त्याला प्रमाण मराठी हीच मराठी असे वाटत नाही. फरक इतकाच, की येथे मागे कोणतेही सिंहासन नव्हते.

उपनगरातील वर्ग

हा विषय मुंबईच्या उपनगरातील महाविद्यालयाला दूरचा नाही. गोरेगाव ज्या साष्टी बेटावर वसले आहे ते १७३७ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. १६५९ मध्ये लिस्बनला छापलेले फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश यांचे ख्रिस्ती पुराण मुंबई-ठाणे भागातील ख्रिस्ती समाजात पुढे दीर्घकाळ प्रचलित होते. आजच्या गोरेगावात एकाच बाकावर मराठी, गुजराती, हिंदी, तुळू अशा मातृभाषांचे विद्यार्थी बसतात. त्यांच्यापैकी अनेकांना मराठी ही व्यवहारात परभाषाच आहे आणि मराठी मातृभाषा असलेले कित्येक जण कनिष्ठ महाविद्यालयात फ्रेंच किंवा जर्मन निवडतात. ही निवड त्या भाषांच्या ओढीने क्वचितच होते. गुण अधिक मिळतात हे कारण उघड आहे. दोन वर्षे फ्रेंच घेऊन पूर्ण गुणांच्या जवळ पोहोचलेला विद्यार्थी पॅरिसहून आलेल्या पाहुण्याशी पाच मिनिटे बोलू शकेलच, याची खात्री त्याचा शिक्षकही देणार नाही.

मराठीची स्थिती याच्या उलट दिशेने तितकीच विचित्र आहे. अमराठी विद्यार्थ्याला दहावीपर्यंत जी मराठी शिकवली जाते ती ग्रांथिक असते. स्थानकावर, रिक्षात, इमारतीच्या वॉचमनपाशी ऐकू येणारी मराठी पुस्तकात नसते आणि पुस्तकातली मराठी कोणी त्याच्याशी बोलत नाही. शिवाय त्याने मोडकी मराठी बोलायला सुरुवात केली की समोरचा मराठी माणूस चटकन हिंदीवर येतो. ही सभ्यता समजली जाते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती बंद झालेली दारे ठरते. स्टीफन्सला सासष्टीत ही 'सवलत' कोणी देणे शक्यच नव्हते.

महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे केले. असा कायदा असणे समर्थनीय आहे. परंतु सक्ती तासिकेची करता येते, प्रसंगभानाची नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाच्या पुढाकाराने तयार झालेली 'माय मराठी' ही पाठ्यपुस्तकमाला या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण परकीय भाषा शिकवण्याच्या संवादलक्ष्यी पद्धतीचा अनुभव तीत प्रथमच मराठीकडे वळवला गेला. हे काम मराठी विभागाऐवजी जर्मन विभागात सुरू व्हावे, यावर मराठीच्या प्राध्यापकांनी विचार करायला हरकत नाही. मातृभाषा शिकवणाऱ्याला आपली भाषा बाहेरून कशी दिसते हे सहसा ठाऊक नसते. जर्मन शिकवणाऱ्याला ते रोज वर्गात दिसते.

स्टीफन्सचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी छापले गेले. दियोगु रिबैरु यांनी त्यात भर घातली आणि आणखी चार धर्मगुरूंनी ते तपासून दुरुस्त केले, अशी नोंद त्याच्या मुखपृष्ठावरच आहे. शिकणाऱ्याने शिकता शिकता लिहिलेले आणि पुढच्या शिकणाऱ्यांनी सुधारलेले असे ते पुस्तक होते. त्यानंतर ४४ वर्षांनी, १६८४ च्या जूनमध्ये, गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले : लोकांनी कोकणी सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. स्टीफन्सला त्याच भूमीची भाषा आत्मसात करायला ३७ वर्षे लागली होती. फर्मानाची मुदत संपली आणि सासष्टीची घरे कोकणीच बोलत राहिली.